किंग्ज क्रीकमधले मासे मोजताना: मार्च ते ऑक्टोबरच्या नोंदी

कॅन्सस राज्यातल्या मॅनहॅटन गावाच्या दक्षिणेला कोन्झा प्रेअरी हा ३,४८७ हेक्टरांचा राखीव माळ आहे. गवत पुरुषभर उंचीचं. जमिनीखाली चुनखडीचे थर आणि त्यात गारगोटीसारखा चर्ट, म्हणून इथे नांगर चालला नाही आणि माळ टिकला. या माळातून किंग्ज क्रीक हा ओढा वाहतो. आमच्या मालवणात याला व्हाळच म्हणतील. त्यात चार ठिकाणी जाळं ओढायचं, मासे ओळखायचे, मोजायचे आणि जिवंत परत सोडायचे, असं माझं काम होतं. सोबत प्रयोगशाळेतला एक सहकारी, इथल्याच शेतावर वाढलेला.

पुढच्या वर्षी हे काम दुसरं कुणीतरी हाती घेईल. गावाकडची दोन-तीन मुलंही आपल्या ओढ्यात असं काही करू पाहत आहेत आणि मला विचारत असतात. त्यांच्यासाठी या नोंदी. वेळ, पैसे आणि मासे कुठे गेले ते सगळं लिहिलं आहे.

या माशांना मराठीत नावं नाहीत. वहीत मी इथलीच नावं ठेवली: स्टोनरोलर, क्रीक चब, डेस, डार्टर, शायनर, सनफिश. चार जागांना मात्र आपली नावं दिली: खालची, मधली, वरची आणि झऱ्याची.

११ मार्च

परवानग्या पूर्ण झाल्या. सात आठवडे लागले. राज्याच्या वन्यजीव खात्याचा वैज्ञानिक परवाना, विद्यापीठाच्या प्राणी-निगा समितीची मंजुरी आणि कोन्झावर कामाची नोंदणी, अशा तीन गोष्टी लागतात आणि त्या एकमेकींच्या पत्रांवर अडून बसतात. समितीचा अर्ज सर्वांत आधी करा. मी तो शेवटी केला.

त्या अर्जात एक रकाना आहे: हाताळताना जास्तीत जास्त किती मासे मरू शकतील? मी शून्य लिहिलं. अर्ज परत आला. जाळं लावणाऱ्याने शून्य लिहू नये, खरा अंदाज लिहा, असा शेरा होता. मी आकडा लिहिला, पण मनातून पटलं नव्हतं.

याच ओढ्यात नीऑन या राष्ट्रीय निरीक्षण जाळ्याची माणसंही मासे मोजतात, पाठीवरच्या विजेच्या यंत्राने. त्यांच्या ठरलेल्या टप्प्यांत आपण पाय टाकायचा नाही. त्यांचा नकाशा आधी मागून घ्या. आम्ही उशिरा मागितला आणि मधली जागा ३०० मीटर सरकवावी लागली.

१८ मार्च

पैसे वाचवायला ओळखीच्या एकाकडून जाळं आणलं. घरी आणल्यावर कळलं की ते आदल्या आठवड्यात मिलफर्ड तलावात वापरलेलं होतं. मिलफर्डमध्ये झेब्रा शिंपले आहेत, बाहेरून आलेले आणि एकदा शिरले की न हटणारे. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ओल्या जाळ्यातून सहज प्रवास करतात. प्राध्यापक बाईंनी ते जाळं ओढ्याजवळ नेऊच दिलं नाही. नवीन मागवलं: दहा फूट लांब, चार फूट उंच, ५२ डॉलर. गुडघ्यावरचे रबरी बूट-पॅंट ९४ डॉलर. आठवडा गेला.

तेव्हापासूनचा नियम: कोन्झाचं जाळं, बूट, बादल्या फक्त कोन्झासाठी. दर फेरीनंतर धुवायचं, कडक उन्हात पाच दिवस वाळवायचं, तेवढी सवड नसेल तर ब्लीचच्या पाण्यात बुडवायचं.

२६ मार्च

पहिली ओढ, खालची जागा. शेजारच्या पाणलोटात नियोजित जाळणी चालू होती. कोन्झावर प्रत्येक पाणलोट ठरलेल्या वर्षांनी जाळतात, काही दरवर्षी, काही दोन किंवा चार वर्षांनी, काही वीस वर्षांनी. धूर अंगाला चिकटला तेव्हा घरची भाजवळ, पेरणीआधी शेत भाजतात ती, आठवली.

मला वाटलं होतं रापण ओढतात तसंच हे काम. दोघांनी दोन काठ्या धरायच्या, डोहातून जाळं ओढत काठाशी आणायचं. पहिल्या ओढीत आठ मासे. दुसरीत पाच. पाण्यात वाकून पाहिलं तर तळाशी दगडादगडांतून बोटाएवढे मासे पळत होते, म्हणजे मासे होते, आमच्या हाती लागत नव्हते.

दोन चुका सापडल्या. पहिली, जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप. विक्रेत्याने मागवलेल्याच्या ऐवजी जवळजवळ पाच मिलिमीटरचा पाठवला होता आणि मी उघडून मोजला नव्हता. लहान डेस आणि डार्टर त्यातून सरळ निसटत होते. दुसरी, तळाची दोरी. चुनखडीच्या लाद्या एकीवर एक तिरक्या पडलेल्या असतात, दोरी त्यांच्यावरून उड्या मारत जाते आणि खाली वाट मोकळी राहते.

२ एप्रिल

तीन मिलिमीटर आसाचं दुसरं जाळं आलं. ६१ डॉलर. पहिलं परत घेतलं नाही, कारण ओलं झालं होतं.

तळाच्या दोरीला दर वीतभर अंतरावर शिशाच्या जादा गोळ्या दाबून बसवल्या. खळाळात, म्हणजे पाणी उथळ होऊन दगडांवरून वेगाने वाहतं तिथे, पद्धतही बदलली. आता जाळं ओढायचं नाही. एकाने ते प्रवाहात आडवं, मागे झुकवून स्थिर धरायचं. दुसऱ्याने वरच्या बाजूला दोन मीटरवर उभं राहून पायाने दगड ढवळत खाली यायचं. तळाला बिलगणारे मासे दगड सोडून प्रवाहासोबत सुटतात आणि जाळ्यात येतात.

पहिल्याच ढवळणीत सहा ऑरेंजथ्रोट डार्टर. नर विणीच्या रंगात होता. तळहातावर ओल्या मोज्यात धरला, जेमतेम पाच सेंटिमीटर. गळा पिकलेल्या सुपारीसारखा केशरी, अंगावर निळे-हिरवे आडवे पट्टे. पाण्यात परत ठेवला तर पोहत गेला नाही, तळाशी जाऊन पुढच्या परांवर टेकून बसला. डार्टरना पोहण्याची पिशवी नसते, त्यामुळे ते तरंगत राहत नाहीत, एका दगडावरून दुसऱ्या दगडावर झेप घेतात. मागच्या आठवड्यात डोहात जाळं ओढून एकही का मिळाला नाही याचं उत्तर तेच होतं.

१४ एप्रिल

ओळखण्यात गोंधळ. गेल्या दोन फेऱ्यांचे फोटो बाईंना दाखवले. ३१ पैकी ९ चुकले होते. तेवढ्या नोंदी रद्द केल्या. वाईट वाटलं, पण अंदाजाने दुरुस्त करण्यापेक्षा हे बरं.

चुकले ते सगळे लहान मासे. मोठा मासा कुणीही ओळखेल. कामाला आलेल्या खुणा अशा. क्रीक चबचं तोंड मोठं, डोळ्याखालपर्यंत पोचतं आणि पाठीच्या पराच्या बुडाशी पुढे काळा ठिपका असतो. सदर्न रेडबेली डेसच्या अंगावर दोन गडद पट्टे, मध्ये फिकट पट्टा आणि खवले इतके बारीक की अंग साबणासारखं लागतं. ब्लंटनोज मिनोचं नाक बोथट आणि शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. स्टोनरोलरला तोंड उघडून पाहावं लागतं: खालच्या ओठाच्या आत कूर्चेची कडक धार असते. तिने तो दगडावरचं शेवाळ खरवडतो.

ही धार भिंगातून पाहिल्यावर मी बराच वेळ दुसरं काही केलं नाही. आपल्याकडे नारळ खवतात त्या विळीच्या दातांकडे पाहतो तसं पाहत होते. नंतर दगड पाहिले तर शेवाळावर एकाशेजारी एक अशा साफ झालेल्या रेघा दिसल्या. हा मासा जाळ्यात न येताही तिथे आहे हे कळायची ही एक वाट.

सीडीचं पारदर्शक डबडं आणि सिलिकॉन वापरून फोटोची पेटी बनवली, आत मिलिमीटरचा कागद चिकटवला. तयार पेटी ३५ डॉलरला मिळते, ही फुकटात झाली. मासा दहा सेकंद पेटीत, बाजूने फोटो, परत पाण्यात. तेव्हापासून फोटो नाही तर नोंद नाही.

५ मे

आज जाळं ओढलंच नाही. त्याआधी एक नुकसान करून बसलो होतो.

मधल्या जागी सहकारी खळाळात उतरला आणि मी ओरडले. त्याच्या पायाखाली खड्यांचा ढीग होता, आजूबाजूच्या तळापेक्षा स्वच्छ आणि एकसारख्या आकाराचा. क्रीक चबचं घरटं. अर्ध पायाखाली गेलं होतं.

काठावर बसून राहिलो. साधारण पंधरा मिनिटांनी नर परत आला, डोक्यावर काट्यांसारखे टेंगूळ. त्याने थोडा वेळ ढिगावर घिरट्या घातल्या. मग खालच्या बाजूला गेला, एक खडा तोंडात धरला, ढिगाशी आणून सोडला आणि परत गेला. एकेक खडा. मी तासाभरात मोजायचं सोडून दिलं. त्याच्या मागे डेसचा थवा जमला, नरांची पोटं लालभडक, बाजूला पिवळी झाक. डेस स्वतः घरटं बांधत नाहीत. चबने आणि स्टोनरोलरने खडे स्वच्छ करून ठेवले की त्याच खड्यांत अंडी सोडतात. म्हणजे आम्ही एक पाय टाकला तो एकाच जातीच्या घरट्यावर नव्हता.

त्या दिवसापासून मेअखेरपर्यंत खळाळात उतरणं बंद. या काळातले खळाळांचे रकाने माझ्या तक्त्यात मोकळे आहेत आणि ते मोकळेच राहू देत. तुम्ही करणार असाल तर एप्रिलच्या शेवटी आधी काठावरून, चकाकी कापणाऱ्या चष्म्याने घरटी शोधा, मगच पाय टाका.

२० मे

झऱ्याच्या जागेखाली एका डोहात असा मासा मिळाला की दोघांचेही हात थांबले. लहान, रुपेरी, अंगावर काळसर पट्टा, शेपटीच्या मुळाशी गडद ठिपका. टोपेका शायनर तर नव्हे?

टोपेका शायनर हा मासा १८८४ मध्ये चार्ल्स गिल्बर्ट यांनी शास्त्रासाठी वर्णन केला, इथून पूर्वेला साधारण ९० किलोमीटरवरच्या टोपेका शहरातल्या शुंगनुंगा ओढ्यातून. १९९८ मध्ये तो संकटग्रस्त म्हणून केंद्र सरकारच्या यादीत गेला. अशाच लहान प्रेअरी ओढ्यांत राहणारा मासा. ओढ्यांवर बांध घालून तळी झाली, तळ्यांत गळाने पकडायला लार्जमाउथ बास हे शिकारी मासे सोडले, नांगरलेल्या रानांतून गाळ आला आणि तो जागोजागी नाहीसा झाला. आमच्या परवान्यात स्पष्ट आहे: टोपेका शायनर मिळाला तर पाण्याबाहेर ठेवायचा नाही, लगेच सोडायचा आणि कळवायचं.

पेटीत पाणी भरून पाण्यातच फोटो घेतला आणि सोडला. टोपेका शायनरचा ठिपका पाचरीसारखा टोकदार असतो आणि नराचे पर केशरी. याचा गोल होता, नाक बोथट, पर फिके. बाईंनी संध्याकाळी खात्री दिली: ब्लंटनोज मिनो. घरी येताना दोघेही गप्प होतो. नसावा अशी खात्री असूनही तो असावा असं वाटत होतं.

९ जून

रात्रभर पाऊस. सकाळी यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या, ओढ्याचा प्रवाह मोजणाऱ्या मापन केंद्राचा आकडा न पाहताच निघालो. हे केंद्र या ओढ्यावर १९७९ पासून आहे, आकडे फोनवर दिसतात. तरीही न पाहणं हा निव्वळ निष्काळजीपणा. पाणी गढूळ, मांडीच्या वर, पाण्याबरोबर लाकडं वाहत होती. उतरलो नाही. जाण्यायेण्यात आणि सामान चढवण्या-उतरवण्यात चार तास गेले.

१३ जून

पाणी उतरलं. जागांच्या खुणेसाठी ठोकलेल्या चार लोखंडी सळयांपैकी तीन नाहीत. पाण्याचं तापमान नोंदवणाऱ्या तीन नोंदकांपैकी दोन वाहून गेले. एक सापडला, २०० मीटर खाली, झुडपात माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर अडकलेला. एक गेला तो गेलाच: ६८ डॉलर आणि दहा आठवड्यांचं तापमान. मी दर महिन्याला आकडे उतरवून घेतले असते तर निदान मेपर्यंतचे राहिले असते.

दुरुस्ती अशी: नोंदक आता पीव्हीसीच्या तुकड्यात, तो तुकडा पोलादी तारेने काठावरच्या जाड मुळाला बांधलेला. खूण ओढ्यात नाही, पुराच्या रेषेवरच्या झाडाला. आणि पंधरा दिवसांनी आकडे उतरवायचे.

गोचिडी फार. पॅंट मोज्यात खोचा, घरी गेल्यावर एकमेकांच्या मानेमागे पाहा.

२८ जून

वरची जागा. जळत नसलेल्या बाजूने जावं लागलं. तिथे काठाला डॉगवुडची झुडपं इतकी माजली आहेत की जाळं डोक्यावर धरून दोनशे मीटर जायला पाऊण तास लागला आणि जाळं तीन ठिकाणी फाटलं. दरवर्षी जळणाऱ्या बाजूला तोच ओढा उघडा, काठाला गवत. जुने फोटो पाहिले की कळतं, पूर्वी काठाला अशी झाडी नव्हती. ही झुडपं खोल मुळांनी पाणी ओढतात. कोन्झावरच्या अनेक वर्षांच्या मोजमापांत दिसलं आहे की पाऊस कमी झालेला नसतानाही ओढ्याचं वाहणं घटत आहे आणि त्यात या झाडीचा वाटा आहे. माशांच्या तक्त्यात काठावरच्या झाडांचा रकाना मी आजपासून घातला. तो मार्चपासून हवा होता.

वरच्या जागी: डेस, स्टोनरोलर, क्रीक चब, डार्टर. चारही जाती, भरपूर पिल्लं.

१४ जुलै

अकरा मासे मेले. नऊ स्टोनरोलर, दोन कॉमन शायनर.

खालची जागा, दुपारी दीड. सकाळी गाडी बंद पडल्यामुळे उशीर झाला होता आणि मी काम पुढे ढकललं नाही. ही पहिली चूक. बादली गर्द हिरव्या रंगाची, उन्हात ठेवलेली. हवेच्या पंपाची बॅटरी संपत आली होती, बुडबुडे येत होते म्हणून मी तपासलं नाही. एकाच बादलीत चाळीसेक मासे, आणि ओळख पटवायला चाळीस मिनिटं लागली. शायनर आधी वर येऊन तोंड उघडू लागले. तेव्हा थर्मामीटर घातला: ३१ अंश. ओढ्यात २७ होतं. सगळे तिथेच सोडले. अकरा उलटे वाहत गेले आणि खालच्या लाद्यांशी अडकले. मी ते एकेक करून गोळा केले, मोजले, लांबी लिहिली.

त्याच संध्याकाळी समितीला कळवलं. काम दोन आठवडे थांबलं आणि ते योग्यच होतं. मार्चमध्ये शून्य का लिहू नये ते सांगणारा शेरा मला आज कळला. आधीच आकडा मान्य केला की तो टाळायची तयारीही करावी लागते. मी शून्य धरून चालले होते, म्हणून तयारी केली नव्हती.

आता असं करतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत काम फक्त पहाटे, नऊच्या आत संपवायचं. बादली पांढरी, झाकण असलेली, अर्धी ओढ्याच्या पाण्यात बुडवून सावलीत. एका वेळी दहाच मासे. दर पाच मिनिटांनी अर्धं पाणी बदलायचं. दोन पंप, दोघांत नव्या बॅटऱ्या. शायनर आधी मोजायचे, सनफिश शेवटी, कारण सनफिश तग धरतात. ओढ्याचं पाणी २६ अंशांच्या वर असेल तर जाळं गाडीतच ठेवायचं. खर्च सगळा मिळून ४० डॉलरही नाही. हे मार्चमध्येच करता आलं असतं.

३१ जुलै

ओढा तुटला. मापन केंद्रावर प्रवाह शून्य. वरच्या जागी खळाळ कोरडे, तीन डबकी उरली आहेत. सर्वांत मोठं आमच्या स्वयंपाकघराएवढं आणि घोट्यापर्यंत खोल.

जाळं लावलं नाही, वाकून पाहिलं. पाणी हलत होतं, इतके मासे. डेस सगळे एका कडेला, जिथे लादीखालून थोडा गारवा झिरपत असावा. चिखलावर रकूनचे पंजे, अगदी लहान मुलाच्या हातासारखे, आणि बगळ्याच्या पायांचे ठसे. सहकारी म्हणाला, बादल्या आहेत, खालच्या डोहापर्यंत पाऊण तास लागेल. माझ्याही मनात तेच होतं. बाईंना फोन केला. त्या नाही म्हणाल्या. परवान्यात हलवणं बसत नाही. खालचा डोह आधीच गरम आणि भरलेला आहे, तिथे आणखी मासे टाकले तर तिथलेही जातील. आणि आपण या ओढ्याचं आटणं मोजायला आलो आहोत. मी वाद घातला. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत नाहीच म्हणाल्या.

आम्ही तापमान घेतलं, डबक्याची लांबी-रुंदी-खोली घेतली आणि निघालो.

१६ ऑगस्ट

वरची जागा पूर्ण कोरडी. पांढऱ्या लाद्या, भेगाळलेला चिखल, लाद्यांखाली क्रेफिश या झिंग्यासारख्या नांगीवाल्या प्राण्यांची बिळं. मी तक्त्यात चारही जातींपुढे ० लिहिलं.

संध्याकाळी बाईंनी तेच पान समोर ठेवून विचारलं, हे शून्य म्हणजे काय? पाण्यात जाळं लावलं आणि मासा मिळाला नाही, की पाणीच नव्हतं? दोन्ही गोष्टी मी एकाच आकड्याने लिहिल्या होत्या. मागे पाहिलं तर ३१ जुलैला जाळं लावलंच नव्हतं, तिथेही शून्य. त्या डबक्यात शेकडो मासे मी स्वतः पाहिले होते! तक्ता वाचणाऱ्याला वाटलं असतं की जुलैअखेर तिथले मासे संपले.

तीन वेगळ्या खुणा केल्या: लावलं-नाही, पाणी-नाही, आणि खरं शून्य. मार्चपासूनची सगळी पानं परत तपासली. दीड दिवस गेला. या सगळ्या कामात एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला.

१७ ऑगस्ट

घरी फोन. बाबांना कोरड्या ओढ्याचे फोटो पाठवले होते आणि बहुधा आवाजावरून कळलं असावं. म्हणाले, "अगो, पाणी आटला म्हणून मासो संपता काय? तो खंय तरी दडान बसता. पावस पडांदे."

लहानपणी जूनच्या पहिल्या जोरदार पावसात बाबा रात्री बत्ती घेऊन व्हाळावर जायचे. मे महिन्यात जिथे आम्ही क्रिकेट खेळायचो त्या कोरड्या पात्रात, शेतांच्या चरांत, सरसर मासे चढत असायचे. चढणीचे मासे. ते कुठून आले असा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

आज झऱ्याची जागा पाहिली. मापन केंद्र शून्य दाखवतंय, पण इथे चुनखडीच्या थरातून पाणी येतंय, १७ अंश, खाली शंभरेक मीटर वाहून जमिनीत जिरतंय. डोहात डेस गच्च. खाली एका मोजपट्टीवर शून्य आहे म्हणून वर पाणी नाही असं समजू नका, चालत जाऊन पाहा.

२२ सप्टेंबर

पाऊस. दोन दिवस सलग. केंद्राचा आकडा आधी पाहिला, गेलो नाही.

२७ सप्टेंबर

ओढा जोडला गेला. वरच्या जागी पाणी पिंडरीपर्यंत, स्वच्छ. पाच ओढी, पाच ढवळण्या. खरं शून्य. हे आम्ही नीट लिहिलं.

४ ऑक्टोबर

वरची जागा. दुसऱ्या ओढीत जाळं उचललं आणि मधोमध काहीतरी चमकलं. तीन स्टोनरोलर. पुढच्यात डेस सात, एक चब. आणि शेवटच्या डोहात एक ग्रीन सनफिश, तळहाताएवढा, गालावर निळ्या रेघा. झऱ्याच्या डोहात वर्षभरात आम्हाला सनफिश एकदाही मिळाला नाही. डेस वरून झऱ्यातून उतरले असतील किंवा खालून चढले असतील, पण हा सनफिश खालूनच आला. मधला दीड किलोमीटर दोन आठवड्यांपूर्वी मी बूट न भिजवता चालले होते.

ओढ्यातूनच बाबांना व्हिडिओ लावला. भारतात रात्रीचे नऊ वाजले होते. ते जाळ्याकडे पाहत म्हणाले, आस बरोबर घेतलास.

डार्टर नाही. तीन ठिकाणी ढवळलं, एकही नाही.

१२ ऑक्टोबर

परत वरची जागा. स्टोनरोलर वाढले, चब चार. डार्टर अजून नाही. खालच्या आणि मधल्या जागी आहेत. तळाला धरून दगडादगडाने येणाऱ्या माशाला उशीर लागणार. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सर्वांत आधी हेच पाहायचं आहे, आणि त्यासाठी वरच्या आणि मधल्या जागेच्या मध्ये आणखी दोन जागा लागतील. माशांना रंगाची खूण करण्याची परवानगी आत्ताच मागितली आहे, म्हणजे कोण वरून आला, कोण खालून, ते कळेल.

१९ ऑक्टोबर

सामान आवरलं. एकूण खर्च ४३० डॉलर, त्यातले साधारण १२० चुकीच्या जाळ्यात आणि वाहून गेलेल्या नोंदकात. जाळ्याला आठ ठिकाणी गाठी मारल्या. गाठ बाबांनी शिकवलेली आहे, सहकाऱ्यालाही दाखवली.

पुढच्यासाठी: वरच्या जागेची खूण डाव्या काठावरच्या मोठ्या बर ओकच्या झाडाला आहे, छातीच्या उंचीवर अॅल्युमिनियमची पट्टी. नोंदक त्याच झाडाच्या मुळाला, पाण्याखाली हात घालून चाचपलं की तार लागते. बॅटरी एप्रिलपर्यंत पुरेल. पांढरी बादली आणि दोन्ही पंप प्रयोगशाळेत खालच्या फळीवर आहेत, बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत.